पगारी आजारपण

अमेरिकेत मिशिगनच्या ॲन आर्बरमधल्या एका पाळणाघरात मी दोन वर्षांखालच्या मुलांना सांभाळते. चार-पाच वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात एका मंगळवारी सकाळी अंगात कणकण होती. दोन गोळ्या घेतल्या, मास्क लावला आणि बस पकडली. घरी राहिले असते तर त्या दिवसाचा पगार गेला असता, आणि नवऱ्याचा जॉब नुकताच गेला होता.

शुक्रवारपर्यंत माझ्या खोलीतली पाच मुलं तापाने पडली. त्यातली एक मुलगी तर दोन दिवस हॉस्पिटलमध्ये होती. ती बरी होऊन परत आली आणि नेहमीसारखी माझ्या मांडीवर चढली. मला मात्र तिच्या आईकडे बघवेना. मला कुणी काही विचारलं नव्हतं. पण माझं मला कळत होतंच.

आमच्या किचनमध्ये नागपूरच्या एक मावशी काम करायच्या. त्यांच्यापाशी मी रडले. त्या म्हणाल्या, "रडून काय होते? बोलायला जाऊ. सिटी कौन्सिलमध्ये कोणालाही तीन मिनिटं बोलू देतात म्हणे."

गेलो. जे घडलं ते सगळं कागदावरून वाचून सांगितलं. नंतर कौन्सिलच्या एक बाई बाहेर कॉरिडॉरमध्ये येऊन भेटल्या. "मला तुमचं पटतं," त्या म्हणाल्या, "पण आजारपणाची पगारी सुट्टी आम्ही शहरापुरती सक्तीची करू शकत नाही. राज्याच्या कायद्यानेच शहरांना ती मनाई आहे. तुम्ही राजधानीत, लॅन्सिंगला लिहा, राज्याच्या आमदारांना."

परतीच्या बसमध्ये मावशी म्हणाल्या, "चुकीचं दार वाजवलं आपण. पण बरोबर कोणतं ते तरी समजलं ना?"

मग पत्र लिहिलं. मावशी मराठीत सांगायच्या, मी इंग्रजीत उतरवायचे. पालकांच्या सह्या घ्यायचं ठरलं, तेव्हा मी सगळ्यात आधी त्या मुलीच्या आईकडे गेले. सही मागण्याआधी तिला सांगितलं, "त्या मंगळवारी मला ताप होता. तरी मी आले होते."

तिने मुलीच्या जॅकेटची चेन लावली, तिला कडेवर घेतलं आणि ती निघून गेली. आता आपली तक्रार होणार, या विचाराने मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी तिने कागद मागून घेतला. "मला राग आलाय," सही करता करता ती म्हणाली, "अजून गेलेला नाही. पण तू त्या दिवशी घरीच राहायला हवी होतीस, आणि तुला ते परवडायला हवं होतं. दोन्ही खरं आहे."

आमच्या पत्राने कायदा झाला असं मी म्हणणार नाही. त्यामागे कितीतरी लोकांची वर्षानुवर्षांची धडपड होती, कोर्टकचेऱ्या होत्या. पण राज्याचा कायदा लागू झाला आणि आमच्या स्टाफरूममध्ये पोस्टर लागलं: तीस तास काम केलं की एक तासाची पगारी सुट्टी जमा. चष्मा पुसून मावशींनी ते दोनदा वाचलं. "म्हणजे फक्त आपल्या गावात नाही, सगळ्या मिशिगनमध्ये," त्या म्हणाल्या.

पुढच्या हिवाळ्यात मला पुन्हा ताप आला. सकाळी घाबरत घाबरत डायरेक्टरला फोन केला.

"ओके, बरी झालीस की ये," ती म्हणाली.

आणखी काही तरी बोलेल म्हणून मी फोन कानाला धरूनच बसले. तिने केव्हाच ठेवला होता. त्या दिवशी दुपारी दोनपर्यंत झोपले. उठून मऊ भात खाल्ला, तूप-मीठ घालून. असं निवांत आजारी पडणं मी विसरूनच गेले होते.

मावशी आता दुसऱ्या राज्यात, मुलाकडे कॅरीला असतात. तिथल्या एका रेस्टॉरंटच्या किचनमध्ये लागल्यात. मागच्या रविवारी त्यांचा फोन आला.

"इथे राज्याचाही तसा कायदा नाही अन् गावालाही करता येत नाही. विचारून आले मी."

"मग?"

"मग काय! इथली एक पोरगी तापात भांडी घासत होती काल. कागद-पेन घेऊन बसलोय दोघी. इंग्रजीत कसं लिहायचं ते सांग."


मी ओट्यावरचा गॅस बंद केला आणि सांगायला लागले.