मामांच्या बाटल्या

प्रयोगशाळेत सगळे त्यांना मामा म्हणत. काचेच्या ताटल्यांत हृदयाच्या पेशी वाढवणं हे त्यांचं काम. पेशी धडधडू लागल्या की मामा नातू झाल्यासारखे सगळ्यांना बोलावून दाखवत. पेशींना घालायचं पोषक द्रव ठेवायला विकतच्या बाटल्या म्हणजे त्यांच्या मते निव्वळ उधळपट्टी. ते जुन्याच बाटल्या धुवून, वाफेवर तापवून वापरत.

एकदा नव्या संशोधक मुलीच्या सगळ्याच पेशींना दाह झाला, चाचणीचं औषध न घातलेल्यांनाही.

"बाई, हातबित धुता की नाही?" मामा सगळ्यांदेखत म्हणाले.

महिन्याभराचं काम तिनं कचऱ्यात टाकलं आणि मग जिच्यातलं द्रव घातलं होतं ती मामांची बाटली तपासली. वाफेनं जंतू मेले होते, पण त्यांची टरफलं आत शिल्लक होती. पेशीच्या दारावरच्या रेणूनं ती ओळखली, दुसऱ्याच्या कानात सांगितलं, दुसऱ्यानं तिसऱ्याच्या. खबर केंद्रकापर्यंत पोचली आणि दाह पेटला.

तिनं हे मामांना एकट्यांनाच, हळू आवाजात सांगितलं. त्यामुळे तर मामांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

चहाच्या वेळी ते उभे राहिले. "घाण माझ्या बाटलीत होती. हिला सगळ्यांदेखत बोललो, म्हणून सगळ्यांदेखत सांगतो. चूक माझी."

मामांची मान वर होईना.

"मामा," ती म्हणाली, "हे कप तरी तुम्ही नाही ना धुतलेत?"

सगळे हसले. मामाही हसले, पण कपात बघूनच.