ड्रोनला रेंज दिली कोणी?

मंडळी, रेडिओचं शास्त्र कळणारं कुणी इथे असेल, तर आजचा निवाडा तुम्हीच करा.

आमचा मावसभाऊ बाळू पाथर्डीत लग्नांचं शूटिंग करतो. ड्रोन लांब गेला की चित्र अडकतं, म्हणून त्याने रिमोटला बूस्टर आणि हातभर लांब अँटेना लावल्या. आज सकाळी डोंगरावरच्या देवळाकडे चाचणी. प्रेक्षक दोन, मी आणि आमचे सामाईक मामा.

ड्रोन कळसापाशी पोचला आणि स्क्रीन काळी. बाळूचा चेहरा त्याहून काळा, कारण परवा लग्न आणि दुसरा ड्रोन नाही. तो अँटेनांची टोकं बंदुकीसारखी ड्रोनवर रोखून उभा.

मामा कडाडले, "आरं, देवावर काय रोखतो? हात जोड आदी!"

बाळूने घाबरून हात जोडले. रिमोट गळ्यातल्या पट्ट्याला लटकला, अँटेना आभाळाकडे उभ्या झाल्या आणि चित्र आलं!

"बगितलं? देव लई कडक हाय!"

घरी येऊन वाचलं, तर अशा काठीसारख्या अँटेनाच्या टोकातून सिग्नल जवळजवळ निघतच नाही, तो बाजूंनी पसरतो. म्हणजे बूस्टरची सगळी ताकद भलतीकडेच चालली होती. जोर वाढवून तोंड भलतीकडे करणं हे मला फक्त पुढाऱ्यांचं तंत्र वाटत होतं.

मामांना हे सगळं समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकलं.

"व्हय, पन हात जोडायला कुनी लावलं?"

यावर काय उत्तर द्यावं, कुणाला सुचतंय का?