थूल यांचा वैदू

मनोहर थूल गेल्या मार्चमध्ये, एका शनिवारी सकाळी दहाच्या सुमारास, वर्ध्यात आर्वी रोडवरच्या आपल्या एका खोलीच्या डेंटल लॅबमध्ये वारले. वय बासष्ट. हृदयविकाराचा झटका, असे डॉक्टरांनी लिहून दिले. शेजारच्या झेरॉक्सवाल्याने पाहिले तेव्हा ते खुर्चीतच होते आणि ब्रश बोटांत होता. समोर बोटाच्या दीड पेराएवढे सहा राक्षस उभे होते. तिघांना रंग लागला होता.

थूल दात बनवत. दंतवैद्य रुग्णाच्या तोंडाचे माप पाठवत, त्यावरून थूल कॅप, ब्रिज, कवळी तयार करत. मी एका दैनिकाचा वर्ध्याचा बातमीदार आहे. सात वर्षांपूर्वी माझा पुढचा दात तुटला आणि रंग जुळवण्यासाठी डॉक्टरांनी मला थेट त्यांच्याकडे पाठवले. त्यांनी मला खुर्चीत बसवले नाही. दोन जिने उतरवून खाली, रस्त्याच्या कडेला उभे केले. "तोंड उघडा साहेब. लाजू नका, इथून जाणाऱ्यायनं लय दात पाह्यले." ते रंग फक्त दहा ते बारा या वेळेत, उघड्या उजेडात पाहत. माझ्या दातांशेजारी नमुन्याच्या पट्ट्या धरून ते म्हणाले, "तुमचा दात पांढरा नाई. कोणाचाच नसते. हिरडीजवळ पिवळा, टोकाले राखाडी. एकसारखा पांढरा दिसला का समजाचं, खोटा हाय." माझ्या कॅपवर त्यांनी चहाचा डागही घातला. ती कॅप कोणती, हे आता माझ्या बायकोलाही सांगता येत नाही.

टेबलावर प्लास्टरच्या जबड्यांमध्ये शिंगे असलेली, हिरव्या कातडीची एक बाहुली उभी होती. मी विचारले, हे काय? "माणूस हाय," थूल म्हणाले. "हा?" "हाव. त्याले बी दात हायेत ना."

त्या बाहुल्या अनिकेतच्या होत्या. अनिकेतच्या घरचे हिंगणघाटला कापडाचे दुकान. तो तेव्हा दंतवैद्यकाच्या शेवटच्या वर्षाला होता, आता वर्ध्यात त्याचा दवाखाना आहे. सावंगीत भाड्याच्या फ्लॅटमध्ये तो आणि त्याचे मित्र शनिवारी दुपारी एक खेळ खेळत. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतले एकेक पात्र होतात. कोणी योद्धा, कोणी चेटकीण, कोणी चोर. लढाईत काय होणार ते फासे ठरवतात. प्रत्येक पात्राची एक बाहुली टेबलावर असते. मुले तिला मिनी म्हणत. थूल शेवटपर्यंत माणूसच म्हणत.

अनिकेतने रंगवलेला एक योद्धा बिघडला होता. रंगाच्या थरांखाली त्याचे नाक गेले होते. दातांवर इतके बारीक काम करणारा माणूस हे दुरुस्त करू शकेल, म्हणून तो थूल यांच्याकडे आला. थूल यांनी सगळा रंग उतरवला आणि चार दिवसांनी योद्धा परत दिला. "जाड हात मारला का चेहरा मेला," एवढेच त्याला सांगितले. त्यानंतर त्या फ्लॅटमधली प्रत्येक बाहुली थूल यांच्याकडे येऊ लागली. ते आधी डोळे आणि दात रंगवत, मग कातडी, मग कपडे, शेवटी हत्यार. "आतलं आधी. बाहेरचं कोणी बी करीन." या कामाचे पैसे त्यांनी घेतले नाहीत. दिवाळीला मुले गोरसपाक बिस्किटांचा डबा आणून देत.

निरोपाची भेट देण्याची प्रथाही थूल यांचीच. गटातले कोणी शिक्षण संपवून वर्धा सोडायला निघाले की ते त्याच्या पात्राची नवी बाहुली रंगवत आणि शेवटच्या शनिवारी त्याच्या हातात देत. तिला त्या मुलाचा चेहरा असे. आष्टीचा निखिल मुंबईला निघाला तेव्हा त्याच्या योद्ध्याच्या डाव्या भुवईत बारीक चीर होती. निखिलला शाळेत असताना तिथे चेंडू लागला होता. ती चीर त्याच्या खोलीतल्या मुलांनाही माहीत नव्हती. निखिलने बाहुली खिडकीत नेऊन पाहिली आणि स्वतःच्या भुवईवरून बोट फिरवले. "सहा महिने समोर बसून पाह्यला ना तुले," थूल म्हणाले.

समोर म्हणजे भिंतीलगतच्या पलंगावर. थूल चार वाजता रंगवलेली माणसे घेऊन येत, ती टेबलावर मांडून देत आणि पलंगावर बसून खेळ संपेपर्यंत पाहत. कोणी जा म्हटले नाही. चहा त्यांना आधी मिळे. तीन वर्षे असे चालल्यावर एका शनिवारी त्यांनी अनिकेतला विचारले, "मले खेयता येईन का?"

"काका, रूल्स सगळे इंग्लिशमध्ये आहेत. तीनशे पानं. डोकं दुखेल तुमचं," अनिकेत म्हणाला. "आणि तुम्ही खेळायला बसले तर रंगवणार कोण?" सगळे हसले. थूलही हसले, असे त्यांनीच मला सांगितले.

दुसऱ्या दिवशी ते नियमांच्या पुस्तकाची झेरॉक्स घेऊन माझ्या घरी आले. "हे मराठीत सांगा. मी लिहून घेतो." मी विचारले, एवढे कशाला? पुन्हा एकदा विचारा, हो म्हणतील. थूल म्हणाले, "कोणी नाई म्हटलं नाई साहेब. हो बी नाई म्हटलं. पुस्तक समजलं का मंग पाहू पोरं काय म्हणते तं."

दीड वर्ष आम्ही रविवारी बसलो. मी वाक्य वाचून अर्थ सांगे, ते दोनशे पानी वहीत उतरवून घेत. फाशांचे, जखमांचे, मंत्रांचे तक्ते त्यांनी पट्टीने आखले. मी घाई केली की ते थांबवत. "हे मागच्या रविवारच्या पानाले जुळत नाई. परत वाचा." दोनदा चूक माझी निघाली. कोणते पात्र घ्यायचे हे त्यांनी आधीच ठरवले होते. "वैदू. त्यायच्यात सारेच मारणारे हायेत, बरं करणारा कोणी नाई. मी पाह्यतो ना तिकडून. दर खेपेले त्याच्यानंच मरतात."

पात्राचा कागद भरायचा असतो. त्यावर थूल यांनी लिहिले: नाव दमडू. व्यवसाय वैदू. वय माहीत नाही. राहणार अल्लीपूर. अल्लीपूर हे त्यांचे गाव. मी म्हटले, त्या गोष्टीतल्या देशात अल्लीपूर नसेल. "राजवाडे हायेत, ड्रॅगन हाय, अल्लीपूर काऊन नाई?"

बाहुली त्यांनी उरलेल्या मालातून निवडली. काठी टेकलेला टकला म्हातारा. कवळीच्या गुलाबी अॅक्रिलिकमधून त्याच्या खांद्यावरची पेटी कापली, तारेचा चष्मा वळवला. तीन आठवडे सकाळी दहा ते बारा तेवढेच काम. चेहरा त्यांचा स्वतःचा होता. खालचा एक दात पडलेला होता, तो बाहुलीलाही नव्हता.

त्या शनिवारी त्यांनी मला सोबत नेले. नियमांवरून काही अडले तर मी सांगावे म्हणून. इस्त्रीचा शर्ट, खिशात घडी केलेला पात्राचा कागद, पिशवीत वही. आम्ही पोचलो तेव्हा टेबलावर केक होता. श्रुती नावाची डॉक्टर मुलगी नाशिकला निघाली होती. नोकरीचे आठवड्यात ठरले होते आणि थूल यांना कळवायचे राहून गेले होते.

थूल यांनी वैदू काढून टेबलावर ठेवला. काय बोलायचे ते त्यांनी जिन्यात दोनदा म्हणून पाहिले होते. त्यांनी घसा खाकरला. तेवढ्यात अनिकेतने बाहुली उचलली.

"बघ, काकांनी आणली पण. मी म्हटलं होतं ना, काकांना सगळं कळतं."

"वैदू!" श्रुती म्हणाली. "डॉक्टरला वैदू. काका, पण माझा चेहरा नाही काढला?"

"नीट पाह्य ना," दुसरा मुलगा म्हणाला. "चष्मा, टक्कल. काकाच आहेत. काका स्वतःच चालले तुझ्यासोबत."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. श्रुती थूल यांच्या पाया पडली. मी बोलायला तोंड उघडले. थूल यांनी माझे मनगट धरले. श्रुतीला म्हणाले, "सांभाळून ठेवजो. उन्हात ठेवू नको, रंग उडते." मग ते पलंगावर बसले. खेळ संपेपर्यंत बसले. कागद खिशातच राहिला.

परतताना स्कूटरवर मी म्हणालो, सांगायला हवे होते. थूल म्हणाले, "पोरगी पाया पडली साहेब. तिच्या हातातून ओढून घेऊ?" मी म्हणालो, दुसरा वैदू करा, पुढच्या शनिवारी जाऊ. बोरगावच्या फाट्याला, घराजवळ, त्यांनी स्कूटर थांबवायला सांगितली. उतरल्यावर म्हणाले, "साडेचार वर्षं पाह्यलं मी त्यायच्या चेहऱ्याकडं. कोणाच्या भुवईत काय हाय, मले ठाव हाय. त्यायनं माह्या हातातली पिशवी बी नाई पाह्यली."

त्यानंतर त्यांनी विचारले नाही. आमचे रविवार बंद झाले. रंगवणे मात्र बंद झाले नाही. मुले फोनवर यादी पाठवत, माणसे तयार होत, कोणीतरी येऊन घेऊन जाई. फ्लॅटवर ते पुन्हा गेले नाहीत. तब्येतीमुळे जिना चढवत नाही, असे त्यांनी अनिकेतला सांगितले. त्या काळात ते रोज लॅबचे दोन जिने चढत होते.

त्यांच्या मृत्यूनंतर बोरगावच्या घरी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. मुलांनी फ्लॅटवर वेगळी शोकसभा ठेवली. थूल यांच्या पत्नी शोभाताईंना बोलावले होते. त्या पहिल्यांदाच तिथे आल्या. काचेच्या कपाटात बाहुल्या ओळीने लावल्या होत्या. अनिकेत बोलला. "हे कपाट म्हणजे काका. खेळात त्यांना इंटरेस्ट नव्हता. ते आपले मागे शांत बसायचे. त्यांना फक्त द्यायला आवडायचं." शोभाताईंनी माझ्याकडे पाहिले. मी दुरुस्ती केली नाही.

सभा अर्ध्या तासात संपली. निघताना अनिकेतने शोभाताईंना विचारले, काकांचे रंग आणि ब्रश आम्ही नेले तर चालतील का. त्या हो म्हणाल्या.

सोमवारी दोन मुले लॅबमध्ये आली. पुढचे शोभाताईंनी मला सांगितले आणि त्या दोघांपैकी एकाने दुजोरा दिला. मुलांनी रंगाच्या बाटल्या, ब्रश आणि भिंग खोक्यात भरले. शोभाताईंनी टेबलाच्या खणातून वही काढून दिली. "हे बी तुमच्याच खेयाचं हाय." एकाने ती उघडली, चार-पाच पाने चाळली, दुसऱ्याला दाखवली.

"राहू द्या काकू," तो म्हणाला. "आमच्याकडे ओरिजिनल आहे."