सातांतलं एक किन्नू

सांगायला बसलोय खरा, पण हेच दुसऱ्या कोणी सांगितलं असतं तर मी त्याची तासभर टिंगल केली असती. भानामती, अंगात येणं, पछाडणं... असलं ऐकलं की माझं डोकंच फिरतं. मी मशीनवर काम करणारा माणूस. शेततळ्यात तो जाड प्लास्टिकचा कागद अंथरतात ना, त्याचे सांधे गरम मशीननं जोडतो. मी आणि माझा धाकटा भाऊ बापू. गाव बीड जिल्ह्यात, शिरूर कासार तालुक्यात. दिवाळी झाली की निम्मं गाव कोयते घेऊन ऊसतोडीला जातं, आम्ही दोघं मशीन घेऊन निघतो.

त्या हिवाळ्यात काम मिळालं थेट राजस्थानात, श्रीगंगानगरला. निघताना आईनं मला बाजूला घेतलं. म्हणाली, "बापूला पवायला येत न्हाई. त्याला पाण्याच्या कडंला एकटं सोडू नकू."

"आई, वाळवंटात चाललोय," मी म्हणालो. "तिथं बुडायला पाणी कुठलं?"

तिथं पोचलो आणि तोंडात बोटच घातलं. वाळवंट म्हणजे उंट आणि टेकाडं, एवढंच आपल्याला माहीत. इथं दोरी लावून आखल्यासारखा कालवा, त्याच्या दोन्ही अंगांना गहू, पिवळीधमक मोहरी आणि किन्नूच्या बागा. किन्नू म्हणजे संत्र्याचाच भाऊ, पण रसाला भारी. बांध ओलांडला की पुन्हा कोरडी वाळू. शहरात सरळ रस्ते, मोठी मंडई, ट्रॅक्टरच्या सामानाची दुकानं, मधूनच लष्कराच्या गाड्या. आसपासच्या कितीतरी गावांना नावंच नाहीत, नुसते आकडे आणि अक्षरं. बापू म्हणायचा, "दादा, पोरगी कुठं दिली इचारलं तर काय सांगायचं, सतरा नंबरात?" आम्ही ज्या सरदारजींकडे काम घेतलं होतं त्यांच्या शेताच्या टोकावरून सीमेचं तारेचं कुंपण दिसायचं. त्याबद्दल तिथं कोणी फार बोलत नाही.

पाणी मात्र घड्याळावर. प्रत्येक शेताला आठवड्यातून एकदा, ठरल्या मिनिटाला कालव्याचं पाणी. त्याला बारी म्हणतात. चुकली की आठवडाभर बसा बोंबलत. म्हणून शेताशेतात शेततळं, त्याला ते डिग्गी म्हणतात. आमचं कागदाचं काम संपलं त्याच दिवशी दुपारी सरदारजींची बारी होती. आत पडलेल्या माणसाला वर यायला काठावर गाठींचा दोर बांधतात, तो बांधायचा राहिला होता. "कल बाँध लेना," सरदारजी म्हणाले. मीही हो म्हणालो. तो दोर ट्रॉलीत तसाच पडून राहिला.

पाणी सोडायच्या आधी बापू अडून बसला. आमच्याकडे नव्या पाण्याच्या काठावर साती आसरांचे सात दगड मांडतात, हळदकुंकू लावतात, मगच पाणी. आसरा म्हणजे पाण्यातल्या सात बहिणी. जो त्यांचं मन मोडतो त्याला ओढून नेतात, असं म्हणतात.

"आसरा काय रेल्वेत बसून आल्यात का आपल्यामागं?" मी हसलो.

"कावून हसायलास? पानी हाय तिथं त्या हायेत. लई कडक असत्यात."

पण दगड आणायचे कुठून? त्या मातीत खडा सापडत नाही. शेवटी पठ्ठ्यानं बागेतून सात किन्नू आणली, ओळीनं मांडली, एकेकाला कुंकू लावलं, हात जोडले. पाणी सुरू झालं. तो मशीन पुसायला गेला.

आणि मी... सकाळपासून पोटात काही नव्हतं. ओळीतलं शेवटचं किन्नू उचललं, कुंकू पँटला पुसलं आणि खाल्लं. साल मोहरीत फेकली. बापू परत आल्यावर ओळीकडे बघून म्हणाला, "एक कुठं गेलं?" मी म्हणालो, "घरंगळलं असंल."

दोन-अडीचच्या सुमारास डिग्गी चांगली डोकं बुडेल इतकी भरली होती. ऊन पडलेलं, पण हवेत पातळ धुकं. मी ट्रॉलीत सामान लावत होतो. पलीकडच्या काठावर बायका बसलेल्या दिसल्या. पाय पाण्यात. वाटलं, मोहरीतल्या मजूर बाया असतील. मग नीट बघितलं. लुगडं नेसलेल्या, काष्टा घातलेला. तिथं सगळ्या सलवार-कमीज घालतात हो! मी मोजल्या. सहा.

त्यातली एक बोलली. मोठ्यानं नाही, पण शेजारी बसून बोलावं तसं ऐकू आलं. आपल्या बीडच्या बोलीत.

"आमची एक कुठं हाय रं?"

माझी नजर आधी काठावरच्या किन्नूंच्या ओळीकडे गेली. बापूला मात्र आनंद झाला. "दादा, आपल्याकडच्या बाया!" म्हणत तो काठाकाठानं पळत सुटला. मी ओरडलो, "बापू, थांब!" त्यानं वळून माझ्याकडे बघितलं, आणि तेवढ्यात पाय ओल्या कागदावर पडला. आवाजसुद्धा झाला नाही. माणूस सरळ खाली.

दोर घेऊन धावलो, फेकला. एकदा डोकं वर आलं, हातात दोर सापडला. मी ओढायला लागलो. बापू म्हणजे काडी, मी त्याला लहानपणी काखेत घेऊन फिरायचो. पण दोर हलेना. उलट मीच कागदाकडे घसरत चाललो. खाली कोणीतरी धरलेलं होतं. एकानं नाही, बऱ्याच जणांनी.

मला दुसरं काहीच सुचलं नाही. मी रडत ओरडलो, "मी खाल्लं! किन्नू मी खाल्लंय, आयांनो! त्याचा काय गुन्हा न्हाई, सोडा त्याला!"

दोर एकदम हलका झाला. मी पाठीवर पडलो आणि बापू कागदावरून वर सरकत आला, खोकत, पाणी ओकत. पलीकडचा काठ रिकामा. बाकीची सहा किन्नू काठावर नव्हती, मधोमध पाण्यावर तरंगत होती.

सरदारजी धावत आले. बायकांचं विचारलं तर म्हणाले, "आज तो कोई मज़दूर लगाया ही नहीं।"

धुकं, उपाशी पोट, घरची ओढ... मी सगळी कारणं लावून बघितली. दोन माणसांना एकच भास कसा झाला, याला एकही पुरत नाही. जाणकारांनी सांगावं.

पण खरी भीती पुढेच आहे. मी काय ओरडलो ते बापूनं पाण्याखाली ऐकलं नव्हतं, आणि मी अजून त्याला सांगितलेलं नाही. परतीच्या गाडीत तो माझ्या शेजारी सरकून बसला. मग म्हणाला, "दादा, पान्यात त्या माज्या कानाशी बोलल्या."

"काय म्हनल्या?"

"एकदम सगळ्या म्हनल्या, 'ह्यो न्हाई, त्यो.' आन् सोडलं मला." त्यानं माझ्याकडे बघितलं. "दादा, त्यो म्हंजी कोन रं?"

कागदाची कामं आता बापू एकटा घेतो. मी मशीन दुरुस्त करून देतो, हिशेब बघतो, पण पाण्याच्या काठावर जात नाही. आमच्या स्वतःच्या शेततळ्यावरसुद्धा नाही. आई रोज विचारते, "कावून रं, तुला तर पवायला येतं की?"