सुभेदारांचा चार दिवसांचा समुद्र

डबा उघडला की सुभेदार झाकणावर दोन बोटांनी टकटक करत आणि म्हणत, "मांजा, बाबू, मांजा!" नव्याने आलेल्या माणसाला वाटे, यांना पतंगाचा मांजा हवा आहे. एका संक्रांतीला आमच्या एका कारकुनाने खरोखरच भरलेली चक्री आणून त्यांच्या टेबलावर ठेवली. सुभेदारांनी ती आधी निमूटपणे खणात टाकली आणि मग समजावून सांगितले, "अगा, मांजा म्हणजे खा. इटलीत असंच म्हणते."

सुभेदार वगैरे ते नव्हतेच. दुसऱ्या महायुद्धात खेचरांच्या पलटणीत ते नाईक होते. पुढची बढती आम्ही दिली. चौसष्टच्या सुमारास मी नागपूरच्या एका सरकारी कचेरीत टायपिस्ट म्हणून लागलो, तेव्हा ते तिथे दफ्तरी होते. जुन्या फायली लाल फडक्यात बांधून मांडणीवर ठेवायच्या आणि मागितली की नेमकी काढून द्यायची. कुहीकडचा माणूस. उंच, किंचित लंगडणारा, मिशा मात्र सुभेदाराला शोभतील अशा.

लढाईत पायाला लागले तेव्हा इटलीच्या किनाऱ्यावरच्या एका घरात ते तीन आठवडे पडून होते. घरची बाई यांच्यापुढे ताटली ठेवून "मांजा, मांजा" म्हणायची. खिडकीतून समुद्र दिसायचा. तोवर त्यांनी नीट पाहिलेले सगळ्यांत मोठे पाणी म्हणजे गावचा तलाव. घरी परतल्यावर त्यांनी बायकोला तो समुद्र रंगवून सांगितला. तिने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "एवढं पाणी हाय, तं धान काहून लावत नाही ते लोकं?"

त्याच दिवशी त्यांनी ठरवले, हिला तो समुद्र दाखवायचा. चार दिवस. स्वस्तात.

"मुंबईचा समुद्र काय वाईट आहे?" मी एकदा विचारले.

"वाईट नाही, बाबू. पण मी तिले जो सांगतला तो तिकडला हाय. दुसरा दाखवला तं ती म्हणन, फसवलं."



पहिला बेत जहाजाचा होता. मुंबईहून सुएझच्या कालव्यातून इटलीचे बंदर, सगळ्यांत खालच्या वर्गाचे तिकीट. जायला-यायला मिळून महिना, राहायचे चार दिवस. "जास्त राहिलं का खर्च वाढते," असे ते गंभीरपणे सांगत. रजेच्या अर्जात कारण लिहिले, 'समुद्र पाहणे'. साहेबांनी लाल शाईने विचारले, 'कोणता?' सुभेदारांनी खाली लिहिले, 'इटलीचा'. साहेब विदर्भात नवे होते, पण रसिक होते. रजा मंजूर झाली.

आणि सदुसष्टच्या उन्हाळ्यात तिकडे लढाई पेटली, कालवा बंद झाला. आम्ही कँटीनमध्ये रेडिओवर ऐकले. जहाजे आता सगळ्या आफ्रिकेला वळसा घालून जाणार होती. सुभेदारांनी हातातली पोळी संपवली, पाणी प्यायले आणि म्हणाले, "माणसं मरून राहिली तिथं, बाबू. आपली सुटी काय, पुढं जाईन."

पुढे ती चांगली बारा वर्षे गेली; कालवा पुन्हा उघडला तोवर ती स्वस्त प्रवासी जहाजेच बंद झाली होती. मधे त्यांनी रस्त्याने जायचाही विचार केला होता. गोरी पोरे म्हणे बसने इराण-तुर्कस्तानातून ये-जा करत. हा बेत त्यांच्या बायकोनेच, म्हणजे आमच्या बाईंनीच, मोडला. त्यांचे माहेर नरखेडकडचे, संत्र्याच्या बागांतले. "एष्टीनं काटोल येईस्तोर मले तीनदा ओकारी होते," त्या म्हणाल्या. "इटलीपर्यंत पोटात काय उरन?"

सुभेदार निवृत्त झाले, तरी अधूनमधून डबा घेऊन आमच्यात जेवायला येत. मग एक दिवस ते कचेरीत आले ते डबा न घेता. मी टाइप करत होतो. शेजारच्या स्टुलावर बसले आणि हळूच म्हणाले, "तिच्या डोळ्यांत काचबिंदू हाय. डॉक्टर म्हणते, वर्ष-दोन वर्ष दिसन. मंग नाही."

मी यंत्रावरचे हात काढले.

"आता एक पत्र टाइप करून दे, बाबू."

शहरातल्या एका मिशनच्या दवाखान्यात इटलीची एक म्हातारी सिस्टर होती. पलटणीत शिकलेल्या पाच-सात शब्दांच्या आणि सासुरवाडीच्या संत्र्यांच्या जोरावर सुभेदारांनी तिच्याशी ओळख काढली होती. तिने सांगितले, किनाऱ्यावर जोगिणींचे मठ आहेत, तिथे पाहुण्यांना साध्या खोल्या अगदी थोडक्यात मिळतात. आणि जायचे ते ऑक्टोबरअखेर, तिकडचे लोक तेव्हा समुद्राकडे फिरकत नाहीत. सुभेदारांना हे फार पटले. कचेरीभर सांगत फिरले, "संत्र्याच्या बहारात संत्रं स्वस्त, समुद्राच्या बहारात समुद्र महाग. उलटं हाय सारं!"

मी टाइप केलेल्या पत्राला अशाच एका मठाचे उत्तर आले. त्यात विचारले होते, सकाळच्या प्रार्थनेला बसाल का? घर बौद्ध, मी जरा घुटमळतच हा मजकूर वाचून दाखवला. बाई म्हणाल्या, "बसू की. त्या त्यांचं म्हणतीन, मी मनात आपली वंदना म्हणीन. शांत तं साऱ्यांलेच बसाचं हाय."

मुलाला मात्र हे रुचले नव्हते. निवृत्तीच्या वेळी हाती आलेल्या पैशात वरती एक खोली निघाली असती. तो माझ्यासमोरच म्हणाला, "बाबा, चार दिवसांसाठी एवढं?"

"खोली तू बांध गा," सुभेदार म्हणाले. "डोळे कोणाले बांधता येते?"

विमानाच्या तिकिटांसाठी मुंबईच्या चकरा मग त्यानेच मारल्या.

पासपोर्टच्या चौकशीला पोलीस घरी आला. जमादाराने विचारले, "काहून चालले?" "चार दिवस फिराले." "कोणी नातेवाईक?" "नाही." "धंदा?" "नाही." जमादार वही मिटून गेला, कोपऱ्यावरून परत आला आणि म्हणाला, "खरं सांगा ना काका, काहून चालले?" शेवटी बाईंनी त्याला चहा दिला आणि कालव्यापासून सगळी हकीकत ऐकवली. तो उठला तेव्हा "लवकर जा" म्हणून उठला.

आम्ही सहा-सात जण त्यांना गाडीत बसवून द्यायला स्टेशनवर गेलो होतो. नागपूरच्या त्या उकाड्यात सुभेदारांनी कचेरीतल्या शिपायाचा लोकरी कोट घातला होता. पिशवीत चिवडा, भाजलेली कणीक, ठेचा. बाईंच्या मुठीत ओकारीवरचे लिंबू.

त्यांचे कार्ड आम्हाला मिळाले ते दोघे परत येऊन आठवडा झाल्यावर. त्यावर लिहिले होते: 'सुखरूप पोहोचलो. घर सापडले नाही. समुद्र जागेवर आहे.' आम्ही ते नोटीस बोर्डावर लावले.

'मांजा' म्हणणाऱ्या त्या बाईचे घर पाडून तिथे मोठे हॉटेल झाले होते. सुभेदारांनी विचारपूस केली, पण कोणाला काही सांगता येईना. ते फार हळहळले नाहीत. सांगायचे ते मठातल्या गमतीच. एकदा रात्रीच्या जेवणात बाईंनी ठेचा पुढे केला, एका जोगिणीने तो जॅम समजून पावाला लावला, आणि तिचे डोळे पुसता पुसता सगळा मठ हसला. "विमानात ओकारी नाही झाली?" मी बाईंना विचारले. "खड्डेच नाही ना वरतं," त्या म्हणाल्या.

तीन वर्षांनी, हिवाळ्यात, सुभेदार गेले. सकाळी उठलेच नाहीत. मी भेटायला गेलो तेव्हा बाई ओसरीत उन्हाला बसल्या होत्या. त्यांना आता जवळजवळ दिसत नव्हते. माझ्या आवाजावरून त्यांनी मला ओळखले, जवळ बसवले आणि आपणहून त्या चार दिवसांचे बोलू लागल्या.

"पहिल्या दिवशी मी पाण्यात गेली, बाबू. लुगडं खोचून, गुडघ्याइतल्या पाण्यात. थंडगार पाणी. पायाखालची रेती सरकून जाये, मी हासो. बाहेर यावं असं वाटेच ना. मंग मांगं वळून पाह्यलं, तं हे रेतीवर बसलेले. माह्या चपला मांडीवर घेऊन. आन् पाहून राहिले माह्याकडं. म्या ओरडून म्हटलं, अवो, तिकडं पाहा ना, समुद्राकडं! एवढा पैसा घालून आलो."

त्या उन्हाकडे तोंड करून हसल्या.

"तं म्हणते, तो मी पाह्यलेला हाय."