गाभा तोडलेल्या शिंद्या

डोंगरकडा या आमच्या गावाहून मी पुण्याला निघालो त्या सकाळी माय अंगणात फडा घेऊन उभी होती. आमच्याकडे माणूस गावाला निघालं की त्याच्यामागे लगेच झाडत नाहीत. मयत उचलल्यावर झाडतात. फडे बांधणाऱ्यांच्या घरात तर हे लेकरालाही माहीत असतं. मी गल्लीच्या वळणावर पोचलो आणि मागून खर्र खर्र आवाज आला. माय अंगण झाडत होती.

गावात राहिलेले तुम्ही अजून विचारता, मायलेकाचं कशावरून बिनसलं. सांगतो.

ओढ्याच्या काठानं आमच्या खजुरीसारख्या काटेरी शिंद्या होत्या. आमच्या म्हणजे कुणी लावलेल्या नव्हेत, आपोआप उगवलेल्या. पण माय त्यांना आमच्याच म्हणायची. बाहेरची जून पानं कोयत्यानं काढायची, वाळवायची, ठेचून चिरायची आणि फडे बांधायची. काट्यांनी तिची बोटं कायम सोललेली. बाजारात फडे हातोहात जायचे आणि दिवाळीत लक्ष्मीपूजनासाठी बाया घरी येऊन न्यायच्या. नेम एकच होता. "गाभ्याला हात लावायचा न्हाई. शिंदीला एकच गाभा असतोय, त्यो गेला की झाड गेलं."

मला पुण्याला जायची घाई झाली होती आणि गाठीला पैसे नव्हते. एका मंडपवाल्याला सजावटीसाठी कोवळी, पांढरी पानं हवी होती, आणि ती गाभ्यातच मिळतात. माय औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला गेली, त्या दिवशी मी सगळ्या शिंद्यांचे गाभे काढून त्याच्या टेम्पोत भरले. एकही सोडली नाही. माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही मला. सगळं माहीत होतं.

माय परतली, ओढ्यावर जाऊन आली. भाकरी वाढताना एवढंच म्हणाली, "बाहेरच्यानं केलं असतं तर शिव्या तरी दिल्या असत्या."

आता मी हाउसकीपिंग सुपरवायझर आहे. नशिबाची थट्टा बघा, फडे बांधणारीचा पोरगा काचेच्या ऑफिसात माणसांकडून मॉप मारून घेतो. माझ्यासारखे इकडे आलेले तुम्हीही लक्ष्मीपूजनाला प्लास्टिकच्या झाडूलाच हळदकुंकू लावता. मीही लावतो, आणि दरवर्षी मला स्वतःची किळस येते.

दिवाळीनंतर चार दिवस गावी जातो. शिंद्यांची नुसती खोडं उरली होती, तीही एकेक करून पडली. माय केळीच्या बागेत रोजानं जाते. मला जेवू घालते, पोराबाळांचं विचारते. मी निघालो की मात्र झाडते. घर म्हणजे माझ्यापुरतं आता एवढंच राहिलं आहे, वळणावर थांबून तो आवाज ऐकायचा आणि एसटी धरायची.

यंदा वळणावर थांबलो तर आवाज नाही. बराच वेळ थांबलो. एवढ्या वर्षांनी मायनं माफ केलं, असं वाटून मला रडूच आलं. तसाच उलट पावली घरी गेलो.

माय उंबऱ्यावर बसली होती. मी पुण्याहून आणलेला झाडू कोपऱ्यात कागदात गुंडाळलेला, तसाच. तिच्या हातात ओढ्यावरच्या शिंदीचा शेवटचा फडा होता, झिजून मुठीएवढा राहिलेला. मला बघून ती म्हणाली, "फड्यात काई राह्यलं न्हाई रे. न्हाईतर झाडलं असतं."