बेटावरचं देऊळ

"देऊळ टाका बाई, देऊळ! देवळाबगर एक सीट भरत नाही."

आमच्या यात्रा कंपनीच्या मालकांनी हँडबिलचा कच्चा मजकूर माझ्या टेबलावर आपटला. मी म्हटलं, "त्या बेटावर देऊळ नाही."

"तुमी पाहाले गेल्या होत्या का?"

"ट्रंक कॉल लावून जहाजाच्या एजंटला विचारलं. वाळू आहे, नारळाची झाडं आहेत, शाळा आहे, दवाखाना आहे. आपल्या लोकांनी दर्शनाला जावं असं काही नाही."

"तं मंग प्राचीन देऊळ लिवा. प्राचीन म्हटलं का पडलं-झडलं असन, कोनी शोधत बसत नाही."

माझं डोकं सणकलं. मी म्हटलं, मी हे टाइप करणार नाही. मालक म्हणाले, नका करू, प्रेसवाल्याला तोंडी सांगतो. आणि त्यांनी तसंच केलं. दोन दिवसांत हँडबिलं छापून आली. वर वाकडं नारळाचं झाड, खाली मोठ्या अक्षरात 'समुद्रस्नान व प्राचीन देवदर्शन'. माझा नुसता संताप संताप झाला. देवाच्या नावानं खोटं बोलायचं, तेही छापून!

ही गोष्ट ऐंशीच्या दशकातली. तुमसरला बाजारात आमच्या यात्रा कंपनीचं ऑफिस होतं. बाजूच्या राईस मिलचा कोंडा उडून माझ्या टाइपरायटरमध्ये जायचा. मी लागले बुकिंग क्लार्क म्हणून, पण टूर आखणं, तिकिटं, आचारी, बायकांबरोबर सोबतीला जाणं, सगळं हळूहळू माझ्याच गळ्यात आलं. लोक मला नुसतं 'बाई' म्हणायचे. काशी आणि रामेश्वर या आमच्या नेहमीच्या टूर. धान चुरून, म्हणजे मळून, घरात आलं की गावोगावचे लोक निघायचे.

त्या वर्षी मालकांनी नागपूरला जावयाच्या घरी टीव्हीवर एक बेट पाहिलं आणि त्यांच्या डोक्यात किडा शिरला. काशी-रामेश्वर आता सगळेच करतात, आपण बेटावर न्यायचं. बेटाचं नाव मी मुद्दाम देत नाही. केरळच्या किनाऱ्यावरून जहाजानं एक रात्र जायचं, एवढं पुरे. मला न विचारता त्यांनी जहाजात ब्लॉक घेतला. ब्लॉक म्हणजे काय, तर प्रवासी मिळण्याआधीच जागा धरून ठेवायच्या. ठरलेल्या तारखेपर्यंत नावं दिली नाहीत तर जागाही जातात आणि भरलेला ॲडव्हान्सही. शिवाय त्या बेटावर उतरायला प्रत्येकाचं सरकारी परमिट लागायचं, त्याला फोटो, पोलिसांची चौकशी. म्हणजे नावं लवकर हवीत.

आणि नावं येईनात. साहजिक आहे. आमच्याकडे माणूस यात्रेला जातो, लग्नाला जातो, मयतीला जातो. बाई तर त्याहून कमी ठिकाणी जाते. नुसतं फिरायला म्हणून कोणी गाडीत बसत नाही. हे मालकांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं, म्हणून तर त्यांना ते देऊळ सुचलं.

मग जीपवर भोंगा बांधून माणूस आठवडी बाजारांत फिरवला. साकोलीकडे फिरला, बपेऱ्याकडे फिरला. आठ दिवसांत सीटा भरल्या! बहुतेक सगळ्या साठीच्या आसपासच्या बायका. मालक मला म्हणाले, "पाह्यलं का बाई?"

एकोडीहून सुखदेव नावाचा शेतकरी आपल्या आईचं नाव द्यायला आला. चांगला माणूस, टोपी हातात धरून बोलायचा. म्हणाला, "बाबा दोन साल अंथरुनात होते, आईनं लय केलं त्याईचं. ते गेले. आता आईले एक डाव देव दाखवतो. मंग नाही जमत जी, शेतीचं काम असते." आईचं नाव देवकाबाई.

त्या म्हातारीला जन्मात एकदा घराबाहेर पडायला मिळतंय, आणि आमचा मालक तिला काशी-रामेश्वर सोडून नसलेल्या देवळाला नेतोय. मी मालकांना म्हटलं, "हिला तरी खरं सांगा."

"सांगा तुमी. अन् ब्लॉक सुटला का सीटा तुमीच भरा."

"सांगतेच."

दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि यष्टीनं एकोडी गाठली. वाटभर मी मनात भांडत होते. मालकाला काय बोलायचं, म्हातारीला कसं सांगायचं, पोराची माफी कशी मागायची, सगळं घोकून ठेवलं.

देवकाबाई अंगणात सुपात डाळ पाखडत होत्या. बारीक, काळ्या, कपाळावर गोंदण. सुखदेव ओसरीत बसला होता. मी नुसतं "ते देऊळ आहे ना..." एवढं म्हटलं आणि म्हातारीनं सूप खाली ठेवलं.

"सुखदेव, बाई इतक्या दुरून आल्या, दूध नाही घरात. जा, घेऊन ये." तो गेला. मग मला म्हणाल्या, "चला, पाळीवर जाऊ. इथं सून ऐकते."

गावामागेच तलाव. आम्ही पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, जाऊन उभ्या राहिलो. मी म्हटलं, "देवकाबाई, तिथं देऊळ नाही. तुम्हाला फसवलं आहे."

"ठाऊक हाये."

"काय?"

"त्या भोंगेवाल्याले मीनं इचारलं, बाप्पा, देवाचं नाव काय हाये? तं म्हने लय जुना देव हाये. अवो, जुन्या देवाले नाव नसते का?"

"मग नाव कशाला दिलं?"

"समुद्र पाहाले." त्यांनी तलावाकडे हात केला. "हे पाहा. इकडं पाळ, तिकडं पाळ. लगीन होऊन आली तवापासून हेच पानी पाहून राहिली मी. समुद्राले पाळ नसते म्हनतेत. खरं हाये का?"

"हो."

"तं ते मले पाहाचं हाये."

मी म्हटलं, "मग पोराला तसं सांगा ना. चांगला आहे तो."

म्हातारी अशी भडकली की विचारू नका. "काय सांगू? मले फिराले जाचं हाये असं सांगू? म्हातारी पगलावली म्हनन तो! सून म्हनन, हिले आता हौस आली. देवाचं नाव काहाडलं का सारे चूप बसतेत. तुमी नोकरी करता, बॅग घेऊन यष्टीत बसता, तुमाले कोनी इचारत नाही. आमाले इचारतेत. अन् तुमी मोठ्या खऱ्या बनून आल्या इथं! तुमी तोंड उघडान अन् माहं जानं राहीन. चहा प्या अन् गुमान घरी जा."

मला कोणी विचारत नाही हे काही खरं नव्हतं, पण ते सांगायची ती वेळ नव्हती. मी चहा प्यायले. सुखदेवनं विचारलं, "बाई, काहून आल्या होत्या?" मी म्हटलं, परमिटच्या फोटोचं सांगायला. माझी माझ्यावरच चिडचिड झाली. ज्या खोट्यासाठी मालकाशी भांडले, तेच खोटं त्याचा चहा पिता पिता मी झाकून ठेवलं होतं.

तरी मालकांना मी सोडलं नाही. देवकाबाईंना ठाऊक होतं म्हणून सगळ्याजणींना ठाऊक असेल असं थोडंच आहे? मी म्हटलं, "परमिटच्या फोटोला सगळ्या बायका तुमसरला येणार आहेत. प्रत्येकीला मी एकटीला विचारणार. सोबत आलेले पुरुष बाहेर बसतील."

"बाई, हा धंदा हाये, पंचायत नाही!"

"मग परमिटचे अर्ज दुसऱ्याकडून भरून घ्या."

दुसरं कोणी नव्हतंच. मालक कुरकुरत का होईना, कबूल झाले. फोटो स्टुडिओच्या आतल्या खोलीत मी एकेकीला सांगितलं, की तिथं देऊळ नाही. कोणी फिसकन हसली. कोणी म्हणाली, "हळू बोला जी, बाहेर मालक बसले हायेत." मालक म्हणजे नवरा. दोघीजणी मात्र खरोखर देवासाठी निघाल्या होत्या, त्यांचे चेहरे उतरले. त्या दोघींना मी रामेश्वरच्या टूरमध्ये घालायला लावलं, त्यासाठी मालकांशी पुन्हा कडाक्याचं वाजलं. त्यांच्या जागी कोण? त्यांच्याच गावच्या दुसऱ्या दोघी. त्याही आतल्या खोलीत हसल्या.

तुमसर रोड स्टेशनवर सुखदेव पोहोचवायला आला. आईच्या पाया पडला. मला म्हणाला, "बाई, दर्शन नीट करून द्या. प्रसाद आना." मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

रेल्वेचे हाल, जहाजातल्या उलट्या, ते सगळं सांगत नाही. पहाटे जहाजातून लहान बोटीत आणि बोटीतून वाळूवर उतरलो. बायका एकमेकींचे हात धरून उभ्या होत्या. देवकाबाई लुगडं वर खोचून सरळ पाण्यात गेल्या, गुडघ्यापर्यंत. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. मला वाटलं आता हात जोडतील. त्या मागे वळल्या तर रागानं त्यांचा चेहरा तापलेला.

"इतकं मोठं हाये?" त्या माझ्यावरच ओरडल्या. "इतकं मोठं हाये, अन् साठ वर्सं मले कोनी सांगतलंच नाही?"

मग तिथंच पाण्यात बसून रडायला लागल्या. मी जवळ गेले तर माझा हात झटकला. चार दिवस त्या बायका लहान पोरींसारख्या वागल्या. शिंपले वेचले, वाळूत लोळल्या, भाताला चव नाही म्हणून आचाऱ्याला शिव्या दिल्या. एकदाही कोणी देवाचं नाव काढलं नाही.

हे इथं संपलं असतं तर मी लिहायला बसले नसते.

यात्रेहून आलं की आमच्याकडे मावंदं घालतात. गाव वेशीवर वाजतगाजत घ्यायला येतं, आणलेल्या तीर्थाची पूजा होते, मग सगळ्या गावाला जेवण. सुखदेवनं दणक्यात मावंदं घातलं. मलाही बोलावलं. पंगत बसायच्या आधी गावातल्या बायका देवकाबाईंभोवती जमल्या. एकीनं विचारलं, "आत्या, देऊळ कसं हाये? देव कसा हाये?"

देवकाबाई म्हणाल्या, "देऊळ नाही तिथं. समुद्र हाये. समुद्र पाहून आली मी."

भजनवाल्याचा हात टाळावरच थांबला. सुखदेव पुढे आला. "आई, काय बोलून राहिली?"

"खरं बोलून राहिली. पयलेच ठाऊक होतं मले. आता जाऊन आली ना मी? आता काय करान?"

सुखदेव आईला सोडून माझ्याकडे आला. "बाई, तुमी आमाले फसवलं! गावात माही इज्जत गेली."

मी पण आवाज चढवला. "तुमची इज्जत? गेल्या महिन्यात चार दिवस बैलांचा पट, बैलांची शर्यत, पाहायला गेला होता, तेव्हा कुठे गेली होती? तिथं कुणाचं दर्शन घेतलं?"

"आमची गोष्ट वेगळी हाये."

"काहून वेगळी?"

त्यानं पाठ फिरवली आणि पंगत बसवायला घेतली. लोक जेवले, अन्न काही टाकून देत नाहीत. मला कोणी आग्रह केला नाही. देवकाबाईंनी स्वतः माझ्या पानात वाढलं आणि म्हणाल्या, "जेवा. राग नका धरू."

गोष्ट गावोगाव पसरली. पुढच्या वर्षी मी हट्टानं हँडबिलातून देऊळ काढलं. 'समुद्र पाहायला चला' एवढंच लिहिलं. मालक म्हणाले, करा तुमच्या मनासारखं. नाव एकही आलं नाही. अक्षरशः एकही नाही! आणि ज्या चारदोन बायका विचारायला आल्या, त्यांना घरच्यांनी परत नेलं. एकीचा नवरा ऑफिसात येऊन मला म्हणाला, "आमच्या बायाईले बिघडवून राहिल्या तुमी." त्याला मी जे बोलले ते इथं छापता येणार नाही.

मग बाजाराच्या दिवशी एकोडीच्या तिघी माझ्या टेबलापाशी येऊन उभ्या राहिल्या. भाजीच्या पिशव्या खाली ठेवल्या. त्यातली एक इकडेतिकडे पाहून हळूच म्हणाली, "बाई, ते देऊळ टाका ना जी. अन् बेट दुसरं घ्या. त्या बेटावर देऊळ नाही हे आता साऱ्याईले मालूम झालं."

एवढा राग मला मालकाचाही कधी आला नव्हता, आणि तो काढायचा कोणावर? त्या तिघींवर?

मी टाइपरायटरमध्ये कागद घातला. दुसरं बेट शोधलं, ब्लॉक घेतला, परमिटची माहिती काढली. हँडबिलच्या वरच्या ओळीत 'प्राचीन देवदर्शन' मी माझ्या हातानं टाइप केलं. मालकांनी वाचलं आणि त्यांचे दात दिसले. "बाई, आता देवाचं नाव बी टाका."

"टाकत नाही. नाव विचारायला जे नवरे आणि पोरं येतील, त्यांना माझ्याकडे पाठवा. मी बघते त्यांच्याकडे."

ती टूर आठवड्यात भरली. त्यानंतरच्याही भरल्या. आतल्या खोलीत एकटीला विचारायची पद्धत मात्र मी शेवटपर्यंत मोडली नाही. टूरच्या धंद्यात सांगतात, की गिऱ्हाईकाला काय पाहिजे ते आधी ओळखा. आमच्या भागात गिऱ्हाईक बाई असेल, तर तिच्या घरच्यांना काय ऐकायला चालतं ते आधी ओळखावं लागतं.